टाकीजवळची टकटक

श्रावण सरत आला की आमच्या अंगणात दोन वास शेजारी शेजारी नांदायला लागतात. एक तेरड्याचा. तेरड्याच्या फुलाला वास नसतो हे मलाही ठाऊक आहे. मी म्हणते तो उपटलेल्या मुळांचा, ओल्या मातीचा, जरासा कडवट. दुसरा वास पेट्रोलचा. वर्षभर पडवीत झाकून ठेवलेली जीप याच दिवसांत उघडी होते, कारण भाद्रपदातल्या तृतीयेला तिला पेणला जायचं असतं, गणपती आणायला. रोह्यात काय गणपती मिळत नाहीत? मिळतात, चांगले मिळतात. पण आमचा पाट पेणच्या कारखान्यात जातो. घरचा पाट आषाढातच तिथं ठेवून यायचा आणि त्याच पाटावर मूर्ती घडवून घ्यायची, ही या घराची रीत. पाट गेला म्हणजे शब्द गेला. मग पाऊस असो की घरात कुणाला ताप असो, त्या पाटावर बसलेल्याला आणायला जावंच लागतं.

यंदाही पाट गेला. आणि परवा जीपची चावी फिरवली तर टकटक आली नाही.

ही टकटक काय ते सांगायला हवं. पेट्रोल टाकीतून ओढून इंजिनाकडे ढकलणारा पंप सहसा इंजिनालाच चिकटलेला असतो. आमच्या जीपचा तसा नाही. तो बाहेर आहे, पार मागं, टाकीच्या कुशीला, विजेवर चालणारा, तपकिरीच्या डबीपेक्षा थोडा मोठा. चावी अर्धी फिरवली की तो बोलायला लागतो. आधी घाईघाईनं, शाळेला उशीर झालेल्या मुलीच्या चपलांसारखा, टकटकटकटक. मग पेट्रोल पुढं पोचलं की सावकाश, टक… टक… आणि मग गप्प. तो गप्प झाला की समजायचं, पुढं पोट भरलं, आता इंजिन चालू करायला हरकत नाही. मधल्या काळात तो दोनदा बदलला, पण प्रत्येक वेळी तसलाच आणला, आणि आवाज तोच राहिला. माझ्या घरात भाद्रपद येतो तो आधी त्या आवाजातून येतो. ढोल-ताशे पुष्कळ नंतर.

परवा मात्र नुसती शांतता. माझी नात सई पुण्याहून आलीय, गणपतीसाठी, लॅपटॉपसकट. ती धावत बॉनेट उघडायला गेली. मी म्हटलं, पुढं नाही, मागं जा आणि वाक. ती वाकली, मग आडवी झाली, आणि खालूनच तिचा आवाज आला, "आजी, पंप पार गंजलाय. इतक्या खाली कुणी बसवला हा?"

मला हसू आलं. खाली कुणी बसवला हे सांगायचं तर आधी तो वर कुणी बसवला होता ते सांगावं लागेल. आणि वर बसवणारी ती बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

ती म्हणजे तेव्हाची मी. पण ‘मी’ म्हटलं की उगाच तिची बाजू घ्यावीशी वाटते, म्हणून मी तिला मनातल्या मनात बाईसाहेब म्हणते. बाईसाहेब तिशीच्या. पदर कायम खोचलेला, कुंकू रुपयाएवढं, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत तयार, विचारायच्या आधी. माहेर धरमतरच्या खाडीकाठी, खारेपाटात. सासर रोह्याला, मास्तरांच्या घरात. नवरा कंपनीत, शिफ्टमध्ये. घरी असला की झोपलेला, जागा असला की कंपनीत. माहेरी जायचं तर एसटीनं वडखळ, तिथं दुसरी गाडी, आणि मग बांधावरून पायपीट. कडेवर पोर, हातात पिशवी. म्हणून बाईसाहेब दिवाळीला जायच्या आणि एकदा उन्हाळ्यात. बाकी वर्षभर आई तिकडं, मी इकडं, आणि मधे दोन एसट्या.

घरात जीप होती, पण मेलेली. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, नोकरीत असताना ती घेऊन बसले होते आणि निवृत्त झाल्यावर तिच्यातच बसायचे. खरंच बसायचे. सकाळचा चहा जीपमध्ये. त्यांनीच कापणी झालेल्या शेतात मला गाडी शिकवली होती, भाताचे बुडखे चुरडत. आणि मी शिकून तयार झाले त्याच वर्षी इंजिन बसलं. तेव्हापासून चावी बाहेरच्या खोलीत उंच खिळ्यावर, मामंजींच्या टोपीच्या वर टांगलेली. माझा हात तिथं पुरायचा नाही. पुरवायची हिंमतही नव्हती म्हणा.

एका ज्येष्ठात बाईसाहेबांनी तोंड उघडलं. इंजिन गेलं तर दुसरं टाका की, म्हणाल्या, माणसाला दात नाही का दुसरे बसवत? मामंजींनी चहाचा कप जीपच्या बॉनेटवर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे बघ गो. यंदाचा गणपती पेणवरनं हिच्यातनं घरी आला, तर चावी तुझी. नाय आला, तर दसऱ्याला भंगारवाला घेऊन जाईल. मी बोलून ठेवलंय त्याच्याशी."

झालं. त्या दिवसापासून बाईसाहेबांना झोपेतही चावी दिसायला लागली. पदराच्या टोकाला बांधलेली, आणि पुढं धरमतरचा रस्ता. मनात आलं की निघावं, आईच्या हातची बोंबलाची चटणी खावी, दिवेलागणीला परत. एवढंच मागणं होतं. एवढंच, म्हणते मी, पण त्या काळी ते माझ्या पुऱ्या आयुष्याएवढं होतं.

पुलापलीकडे अष्टमी गावात नझीर मिस्त्रीचं गॅरेज. नझीर वयानं माझ्याएवढाच, आणि मतांच्या बाबतीतही माझ्याएवढाच तयार. हाताखालच्या इंजिनापेक्षा जास्त आवाज तो स्वतः करायचा. त्यानं कुठल्याशा ठोकलेल्या मोटारीचं चांगलं इंजिन मिळवलं आणि आमच्या जीपच्या पोटात बसवलं. बसवलं म्हणजे कोंबलं. सगळं जमलं, एकच गोष्ट जमेना. त्या इंजिनाच्या कुशीत जिथं पंप बसायचा, नेमकं तिथं जीपच्या स्टिअरिंगचं धूड आडवं आलं. नझीरनं ते भोक पत्र्यानं बंद केलं आणि जाहीर केलं की आता बाहेरचा पंप लावायचा, विजेवरचा, मोठ्या गाड्यांना असतो तसा. जुनी टाकी सीटखाली होती, ती कुजली होती. तीही काढून त्यानं मागच्या बाजूला दुसरी बसवली. म्हणजे पेट्रोल एका टोकाला आणि इंजिन दुसऱ्या. मधला संसार पंपानं सांभाळायचा.

गोणपाटावर दोन पंप मांडले होते. एक ही डबी, काळपट, दिसायला अगदी गरीब. दुसरा जाडजूड, चकचकीत, लांबट. नझीरच्या भाच्यानं मुंबईहून, कुठल्याशा परदेशी गाडीतून काढून आणलेला. नझीर म्हणाला, वैनी, हा घ्या, हा पेट्रोल असं फेकतो की इंजिन पळायलाच लागेल. बाईसाहेबांना सांगायची गरजच नव्हती. खारेपाटात वाढलेली मुलगी. शेतातलं पाणी उपसायला पंप घ्यायचा तर त्यातल्या त्यात मोठा घ्यावा, एवढंच शास्त्र तिला ठाऊक. चकचकीत पंप उचलून मी छातीशी धरला, जसं काही तान्हं मूल.

तान्ह्या मुलावरून आठवलं. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. त्याला मी बोंडल्यानं दूध पाजलं होतं, थेंब थेंब, मान वर धरून, घशात अडकू नये म्हणून. आणि त्या इंजिनाचा कार्बोरेटर म्हणजे काय, तर तसंच एक तान्हं. त्यालाही हळूच, बेतानं, थोडंसं पेट्रोल लागतं. त्याच्या घशातली बारीकशी सुई जास्तीचं अडवते, पण सुईच ती, किती अडवणार? परदेशी गाडीचा पंप कार्बोरेटर नसलेल्या इंजिनासाठी केलेला, त्याचा दाब भलताच. बाईसाहेबांनी तान्ह्या तोंडात बंबाची नळी दिली. एका मुलाची आई असून दिली.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा टकटक नव्हतीच. एक लांब घूं असा आवाज आला, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उतू आलं, दुधासारखं, इंजिनावर, चाकावर, खाली अंगणात. नझीरनं झडप घालून बॅटरीची वायर उपटली. मी पदरानं पुसायला धावले, काय पुसणार होते देव जाणे. मामंजी पायरीवर बसले होते, विडी नुकतीच तोंडात धरलेली, पेटवायची राहिलेली. त्यांनी ती शांतपणे काढली, परत खिशात ठेवली, काडेपेटी उचलून आत सुनेच्या म्हणजे माझ्याच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि तुळशीपलीकडे जाऊन बसले. त्या साडीचा वास पुढं दिवाळीपर्यंत गेला नाही. मला वाटतं आमच्या अंगणातला भाद्रपदाचा तो दुसरा वास तिथूनच सुरू झाला.

सई परवा रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलवर पंप शोधत बसली होती. शंभर तऱ्हेचे पंप, सगळे चकचकीत. मी मुद्दाम गप्प बसले. बघू म्हटलं, रक्त काय म्हणतंय ते. ती एक भला थोरला दाखवून म्हणाली, हा बघ आजी, किती भारी दिसतो. मी म्हटलं, छान आहे. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. ती माझं ‘छान आहे’ ओळखते. मग खाली खाली वाचत गेली, कार्बोरेटरला किती दाब चालतो ते शोधलं, आणि शेवटी डबीच मागवली. गरीब दिसणारी. मला बरं वाटलं आणि किंचित वाईटही. अंगणात तसा उत्सव परत बघायला मिळणार नव्हता.

तर मग बाईसाहेबांनीही डबीच लावायला सांगितली. पण कुठं लावायची, हा प्रश्न आला, आणि तिथं माझं माहेर मधे आलं.

खारेपाटात जन्मलेल्या माणसाला एक सवय असते, ती मोडत नाही. जे जपायचं ते वर. भाताचं बियाणं वर, माळ्यावर. विजेचा मीटर वर, इतका की आकडे वाचायला आलेल्याला स्टूल द्यावं लागायचं. आईची लग्नातली पेटी आड्याला दोरीनं टांगलेली. रेडिओ सुद्धा फळीवर, आणि फळी माझ्या वडिलांच्या डोक्याच्या वर. कारण उधाणाला खाडीचं पाणी कधी बांध ओलांडेल, कधी बांधाला खांड पडून घरात शिरेल, सांगता येत नाही. गोडं पाणी शिरलं तर सुकतं. खारं शिरलं की खाऊन जातं. आमच्या घराच्या भिंतीवर पांढरी रेघ होती, कुठल्याशा जुन्या उधाणाची, आणि आम्ही भावंडं वाढलो ते त्या रेघेशी उंची मोजत. रेघेच्या वर डोकं गेलं त्या दिवशी वडिलांनी मला खारे शेंगदाणे दिले होते.

म्हणून बाईसाहेबांनी नझीरला बजावलं, विजेची वस्तू आहे, वर बसव. बॉनेटच्या आत, जितकी वर जाईल तितकी. मला ही गाडी धरमतरच्या रस्त्यावर न्यायची आहे, खाऱ्या पाण्यातून. नझीरला जीपखाली आडवं पडायचा कंटाळा. त्याला हे फारच पटलं. दोघा शहाण्यांचं एकमत झालं. पंप टाकीपासून जितका लांब आणि जितका उंच बसवता येईल तितका आम्ही बसवला.

सपाटीवर जीप सुरेख चालली. बाजारपेठेतून फेरी मारली, पुलावरून अष्टमीला जाऊन आलो. बाईसाहेबांनी वाटेत ओळखीच्या प्रत्येक बाईसाठी गाडी थांबवली. मामंजी शेजारी, धोतर नीट, टोपी नीट. मग पेणला जाताना लागणारी, नागोठण्याच्या वाटेवरची खिंड आली आणि चढावर जीप धापा टाकायला लागली. टकटक वाढली, वाढतच गेली, थांबेना; कोरड्या विहिरीत पोहरा आपटावा तसा तो पंप नुसता आपटत होता. इंजिन बंद. पुन्हा लावलं, पुन्हा चढावर बंद. उतारावर मात्र, नाक खाली करून उभी केली की पंप शहाण्यासारखा सावकाश होई.

नझीर मागं बसला होता. तो म्हणाला, वैनी, नाक खाली असलं की चालते ना? मग नाक खालीच ठेवू. आणि आम्ही जीप वळवली आणि खिंड उलटी चढलो. रिव्हर्समध्ये. मी मान मोडेपर्यंत मागं बघतेय, नझीर मागून हात हलवत ओरडतोय, आणि मामंजी पुढच्या सीटवर, तोंड रोह्याकडे, पाठ चढाकडे, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला टोपीला हात लावून नमस्कार करतायत. एक एसटी थांबली. सगळ्या खिडक्यांतून डोकी. कुणीतरी विचारलं, मास्तर, कुठं निघालात? मामंजी म्हणाले, मागं.

वर पोचल्यावर इंजिन बंद केलं. रानात सोनकी फुलली होती, डोंगरभर पिवळी, आणि ढग खिंडीच्या खाली होते. त्या पिवळ्याकडे बघत मामंजींनी इतका वेळ दाबून ठेवलेलं वाक्य बोलून घेतलं, "गणपतीलापण असाच पाठमोरा आणणार काय गो?"

मला हसायचं की रडायचं कळेना. देव बसलेली गाडी मागं घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. गल्लीत चुकून पुढं गेले तरी पुढूनच वळसा घेऊन यायचे. म्हणजे चढ सरळ चढायलाच हवा. आणि चढ सरळ चढायचा तर पंप… बाईसाहेब तिथं, दगडावर, पदराचं टोक चावत बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा आधी विचार करून मग बोलल्या. उलटी चढताना टाकी वर होती, पंप खाली होता. पेट्रोल आपसूक त्याच्याकडे येत होतं. म्हणजे त्याला ओढायचं जिवावर येतं, ढकलायचं नाही. माझ्या भावाचा शेतातला पंप कुठं असायचा? पाण्याच्या अगदी काठाला. घराच्या माळ्यावर नव्हे. हे मी लहानपणापासून बघत होते. पण माझ्या डोक्यात ‘पंप’ एका कप्प्यात आणि ‘जपायची वस्तू’ दुसऱ्या, आणि दोन्ही कप्प्यांची गाठ कधी पडली नव्हती.

नझीरला मी म्हटलं, खाली घे. टाकीच्या शेजारी, जितका खाली जाईल तितका. तो म्हणाला, आणि खारं पाणी? मी म्हटलं, बघू. माझ्या तोंडून ‘बघू’ हा शब्द त्या घरात पहिल्यांदा निघाला असावा. मामंजींनी वळून पाहिलं.

मग तृतीया आली. म्हणजे हरतालिका, बाईसाहेबांना उपास, तोही निर्जळी, कारण अर्धं काही करायचं नाही हा बाणा. नझीरला दुसरं काम होतं. मी आणि मामंजी दोघंच निघालो. खिंड सरळ चढलो, नाक वर करून. पंप टाकीजवळून टक… टक… करत होता, आणि मामंजी मांडीवर बोटानं ताल धरत होते. पेणला दोन गणपती घ्यायचे होते, एक आमचा आणि एक माझ्या माहेरचा. माहेरचाही पाट मीच आषाढात पोचवला होता, एसटीनं, आणि आईपुढं फुशारकी मारून आले होते की देव यंदा जीपमधून येईल.

पेणच्या कारखान्यांचा तो दिवस कुणी बघितला नसेल त्यानं बघावा. गल्लीभर रंगाचा वास, सोनेरी बोटं, फळ्यांवर गणपतीच गणपती, आणि त्यांतले काही अजून डोळ्यांवाचून. डोळे शेवटी रेखतात. त्याला आखणी म्हणतात, आणि ती करणारा माणूस श्वास रोखून ब्रश लावतो. आजूबाजूचे लोकही नकळत श्वास रोखतात. आमच्या देवाचे डोळे झाले होते, माहेरच्याचे व्हायचे होते. बाईसाहेब तहानेनं कासावीस, तरी कारागिराच्या खांद्यावरून वाकून सांगतायत की डावा जरा मोठा करा. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. डोळे वाळेपर्यंत दुपार झाली. आणि दुपारी तृतीयेची भरती.

माहेरच्या रस्त्याला वळलो तेव्हा लांबूनच चकाकी दिसली. अमावास्येचं उधाण अजून ओसरलं नव्हतं. खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, फार नाही, पोटऱ्यांइतकं, पण पुढं पार गावापर्यंत. पलीकडे शेतं, पलीकडे आमचं घर, आणि पाण्याच्या कडेला माझी आई उभी, हातानं डोळ्यांवर सावली धरून. पुरुष सगळे बांधावर गेले होते, खांड पडू नये म्हणून माती टाकायला.

मी ब्रेक दाबला. पंप जमिनीपासून वीतभर. पाण्यात घातली तर पाणी त्याच्या नाकातोंडात जाणार, आणि खारं पाणी खाऊन जातं. नाही घातली तर देव इथंच, आणि आईपुढं मारलेली फुशारकी इथंच. मागं दोन गणपती, तोंडावर फडकं. जीप मागं घ्यायची सोय नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वर लावला असता तर, वर लावला असता तर, एवढंच मनात.

आई पाण्यातून चालत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, डोक्यावर चुंबळ आधीच ठेवलेली. तिनं जीपकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. आई माझी गाडीला गारी म्हणायची. म्हणाली, "गारी र्‍हाऊ दे हितंच. देव काय, डोक्यावरनं पन येतंय."

आणि मामंजींनी, रोह्याच्या मास्तरांनी, धोतर सावरत उतरून माहेरचा गणपती पाटासकट उचलून माझ्या आईच्या डोक्यावर ठेवला. ती वळली आणि चालायला लागली. एका हातानं पाट धरलेला, दुसरा मोकळा, पाण्यात पाय न बघता. मान अजिबात हलत नव्हती. फडक्यात झाकलेला देव, त्याच्याखाली माझी आई, आणि दोघांच्याही खाली त्यांची सावली पाण्यात उलटी. वारा पडला होता. मिठागरांच्या बाजूनं बगळे उठले आणि परत बसले. मला त्या दिवसाचं दुसरं काही आठवलं नाही तरी चालेल.

जीपनं सगळं पाणी ओलांडलंच पाहिजे असं मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मी एकटीनंच ठरवलं होतं. जीपनं रस्ता करायचा आणि पाणी आलं की थांबायचं. पाण्याचं काम पाण्यात चालणारी माणसं करतातच की.

आई परत आली तोवर पाणी उतरणीला लागलं होतं. येताना तिनं मामंजींसाठी तांब्याभर गोडं पाणी आणि वाटीत गूळ आणला. मला उपास म्हणून माझ्यासाठी काही नाही. ती टायरला टेकून उभी राहिली, पाय वाळवत, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता येत र्‍हाशील ना गो?"

मी म्हटलं, चावी मिळाली तर. आईनं मामंजींकडे पाहिलं. मामंजी गूळ खात खाडीकडे बघत होते, जसं काही धरमतरला लागणारा प्रत्येक बार्ज मोजायला त्यांनाच नेमलंय.

पाणी ओसरल्यावर थोडं पुढं जाऊन वळसा घेतला, आणि संध्याकाळी गणपती रोह्याला घरात आला. पुढून आला, सरळ. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. चावी माझ्या पदराला बांधलेली होती. मी वाट बघत राहिले की मामंजी आता मागतील आणि मग सगळ्यांसमोर परत देतील, काहीतरी बोलतील. त्यांनी मागितलीच नाही. पाच दिवस गणपती झाले, तरी नाही. विसर्जनानंतर एका सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीवर मला एक नवा खिळा दिसला. खाली. माझ्या खांद्याच्या उंचीला.

आईकडे मग मी जायला लागले ते ती असेपर्यंत. भरती बघून. आता तो रस्ता उंच झालाय, पाणी येत नाही, आणि मला तिथं थांबावंसं वाटलं तरी थांबायला कारण उरलं नाही.

मामंजींच्या शेवटच्या वर्षांत एकदा मी त्यांना विचारलं होतं, तो भंगारवाला कोण हो, तुम्ही ज्याच्याशी बोलून ठेवलं होतं? ते जीपमध्येच बसले होते. जरा वेळ आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कुठला भंगारवाला? आधी चहा टाक."

हे मी सईला सांगितलेलं नाही. तिला मी परवा, पंप गंजलेला निघाला तेव्हा, एवढंच सांगितलं की यंदाचा गणपती हिच्यातून आला नाही तर दसऱ्याला भंगारवाला येणार आहे, मी बोलून ठेवलंय. पोरगी पांढरी पडली. आज सकाळपासून ती जीपखाली आहे. बॅटरीची वायर आधी काढली, हे मी पाहिलं. नळी चिमटवली, पेट्रोल डब्यात घेतलं. मी वाळूची बादली घेऊन तुळशीपलीकडे बसलेय, मामंजींच्या जागी. मधेच तिनं डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, आजी, हा इथं खाली गंजतो, वर बॉनेटमध्ये घेऊ का? मनात खिंड आली, एसटीच्या खिडक्या आल्या. ती जरा वेळ टाकीकडे बघत राहिली, बोटानं हवेत नळीची वाट काढली, आणि म्हणाली, नको, टाकीजवळच बरा. मग परत खाली. मी बादलीतली वाळू उगाच हलवली.

आत्ता थोड्या वेळापूर्वी तिनं चावी फिरवली. टकटकटकटक. नवा आहे, आवाज जरा कोवळा आहे. टक… टक… आणि गप्प. मग इंजिन लागलं आणि पडवीतल्या चिमण्या उडाल्या. ती उतरून माझ्यापुढं येऊन उभी राहिली, नाकावर काळं, कपाळावर काळं, थेट कुणासारखी दिसत होती ते सांगायला नको. म्हणाली, "आजी, तुझ्या त्या भंगारवाल्याचा नंबर दे. येऊ नको म्हणून मीच सांगते."

मी म्हटलं, "आधी चहा टाक गो."

ती हसत आत गेली. चौकटीवरचा खिळा रिकामा होता. चावी तिच्याच खिशात होती, आणि मी काही मागितली नाही.